परवाना क्रमांक एक

अमेरिकेच्या ईशान्य टोकाला, कॅनडाच्या सीमेला खेटून असलेल्या मेन राज्याच्या विधिमंडळाने १९ मार्च १८९७ रोजी एक कायदा संमत केला. पाहुण्यांना शिकारीसाठी वा मासेमारीसाठी अरण्यात घेऊन जाणाऱ्या प्रत्येक वाटाड्याने यापुढे राज्याकडे आपली नोंद करणे बंधनकारक ठरले. पहिल्याच वर्षी १,३१६ वाटाड्यांनी नोंद केली. ऊन, पाऊस आणि बर्फ अंगावर घेतलेल्या या रांगड्या पुरुषांच्या यादीतला पहिला परवाना मात्र एका ४२ वर्षांच्या अविवाहित स्त्रीच्या हाती पडला. कॉर्नेलिया थर्झा क्रॉस्बी हे तिचे नाव. वर्तमानपत्रांचे वाचक तिला ‘फ्लाय रॉड’ या टोपणनावानेच ओळखत. मेनच्या सरोवरांतील रानटी ट्राउट मासा, त्याच्यासाठी दूरदूरच्या शहरांतून येणारे हौशी पाहुणे आणि त्यांना वाट दाखवणारे स्थानिक लोक या तिन्हींना जोडणारा दुवा म्हणजे तिची लेखणी होती.

कॉर्नेलियाचा जन्म १० नोव्हेंबर १८५४ रोजी मेनमधील फिलिप्स या खेड्यात झाला. सँडी नदीच्या खोऱ्यातले हे गाव शेती आणि लाकूडतोड यांवर जगणारे होते. क्षयाने या घरावर लवकरच घाला घातला. वडील तिच्या लहानपणीच गेले आणि पुढे भावालाही याच रोगाने ओढून नेले. आई आणि मुलगी एवढेच कुटुंब उरले. त्या काळातील खेड्यातल्या मुलीच्या मानाने कॉर्नेलियाला शिक्षण चांगले मिळाले. राज्याची राजधानी असलेल्या ऑगस्टा येथील मुलींच्या शाळेत शिकून ती गावी परतली आणि तिने एका बँकेत नोकरी धरली. चार भिंतींच्या आत, हिशेबाच्या वह्यांवर मान मोडून काम करायचे, असा तो दिनक्रम होता. अंगाने ती उंच, जवळजवळ सहा फुटांची. पण प्रकृती नाजूक. क्षयाची सावली तिच्याही मागे लागली असावी, अशी भीती होती. या रोगावर तेव्हा औषध नव्हते. मोकळी हवा, ऊन आणि विश्रांती एवढाच उपचार डॉक्टरांच्या हाती होता. कॉर्नेलियालाही हाच सल्ला मिळाला. बँकेतल्या टेबलापासून दूर जाऊन, रानात राहायचे.

रान फार लांब नव्हते. फिलिप्सच्या वायव्येला रेंजली सरोवरांचा प्रदेश सुरू होतो. डोंगरांच्या कुशीत एकाला एक जोडलेली ही सरोवरे, त्यांना मिळणारे थंड पाण्याचे ओढे आणि भोवती स्प्रूस, फर आणि बर्च यांची घनदाट झाडी. या पाण्यात ब्रूक ट्राउट हा मासा पिढ्यान्‌पिढ्या वाढत आला होता. पाठीवर नागमोडी रेघा, कुशीवर निळ्या वलयातले लाल ठिपके आणि पांढऱ्या कडेचे तांबूस पर, असे त्याचे रूप. पूर्व अमेरिकेतील बहुतेक ओढ्यांत हा मासा वीतभर लांबीचाच आढळे. १८६३ मध्ये न्यू जर्सीच्या जॉर्ज शेपर्ड पेज यांनी रेंजलीहून पाच-सहा पौंडांच्या पुढचे मासे न्यूयॉर्कला नेले, तेव्हा तेथील जाणत्या गळकऱ्यांचा त्यावर विश्वास बसेना. अखेर हार्वर्डचे नामवंत निसर्गशास्त्रज्ञ लुई अगासी यांनी हा ब्रूक ट्राउटच असल्याचा निर्वाळा दिला. १८६८ मध्ये धनिक हौशी मंडळींनी येथे ओकोसॉक अँगलिंग असोसिएशन स्थापन केली आणि हा दुर्गम प्रदेश मत्स्यशौकिनांच्या नकाशावर आला.

कॉर्नेलिया येथे पाहुणी म्हणून आली नाही. रेंजलीच्या हॉटेलांत तिने उन्हाळ्याच्या मोसमात घरकामाच्या व्यवस्थेची नोकरी केली. रिकाम्या वेळी ती वाटाड्यांच्या सोबतीने पाण्यावर जाऊ लागली. वाऱ्याची दिशा पाहून होडी कोठे उभी करायची, ढगाळ संध्याकाळी मासा कोणत्या खडकामागे येतो, ओल्या लाकडाची शेकोटी कशी पेटवायची, हे सारे तिने त्यांच्याकडूनच शिकून घेतले. या शाळेला पुस्तक नव्हते. प्रकृती सुधारत गेली आणि औषध म्हणून जवळ केलेले रान तिचे आयुष्य बनले.

१८८६ मध्ये फार्मिंग्टनच्या चार्ल्स व्हीलर यांनी तिला बांबूची एक काठी भेट दिली. वजन अवघे पाच औंस, म्हणजे सुमारे १४० ग्रॅम. बांबूच्या बारीक कामट्या तासून, त्या एकमेकींना चिकटवून अशा काठ्या बनवल्या जात. त्या काळातील अमेरिकी कारागीर यासाठी जो बांबू वापरत तो बहुधा कलकत्त्याच्या बंदरातून जहाजाने जाई आणि तेथे ‘कलकत्ता केन’ याच नावाने विकला जाई. भारतातील बांबू आणि मेनमधील मासा यांची गाठ अशी पडली होती.

या काठीचे तंत्र साध्या गळाहून वेगळे आहे. साध्या गळाला आमिष आणि शिसे लावलेले असते. फेकताना ते वजन दोरीला ओढून नेते. फ्लाय फिशिंगमध्ये गळावर पिसे, लोकर आणि रेशीम गुंडाळून कीटकासारखी कृत्रिम माशी बांधलेली असते. तिला वजन जवळजवळ नसतेच. त्यामुळे येथे फेकायची असते ती दोरी. तेल मुरवलेली रेशमी दोरी काठीच्या लवचिकपणाने आधी मागे उलगडायची, क्षणभर थांबायचे आणि मग पुढे झेपावू द्यायची. दोरीच्या टोकाची माशी पाण्यावर अलगद उतरली पाहिजे. जोर लावला की सारे बिघडते. ताकदीपेक्षा लय आणि धीर यांना येथे महत्त्व असल्याने स्त्रियांना हा खेळ पुरुषांइतकाच साधू शकतो. कॉर्नेलियाने ते स्वतःच्या हाताने सिद्ध केले. ५२ मासे तासाभरात आणि दोनशे ट्राउट एका दिवसात पकडल्याच्या तिच्या कथा अजूनही त्या भागात सांगितल्या जातात.

१८८० चे दशक संपत असताना तिने आपल्या मासेमारीचा एक वृत्तांत गावच्या ‘फिलिप्स फोनोग्राफ’ या पत्राकडे पाठवला. संपादकांना तो इतका आवडला की त्यांनी आणखी मजकूर मागवला आणि लेखिकेला टोपणनावही देऊन टाकले. ‘फ्लाय रॉड’ म्हणजे माशी फेकायची काठी. ‘फ्लाय रॉड्स नोटबुक’ या नावाने तिचे सदर सुरू झाले आणि हळूहळू मोठ्या शहरांतील पत्रांतही तिचे लेखन छापून येऊ लागले. कोणत्या सरोवरावरचे बर्फ वितळले, कोणत्या मुक्कामी कोण पाहुणे उतरले, कोणी किती पौंडांचा मासा धरला आणि कोणत्या माशीवर धरला, असा तो मजकूर असे. वरवर पाहता साध्या बातम्याच. पण कचेरीत बसलेल्या वाचकाला त्यातून देवदारांचा वास येई. शिवाय एरवी ज्यांची कोणी दखल घेतली नसती अशा वाटाड्यांची नावे त्या सदरामुळे छापील अक्षरांत आली.

तिचे लेख वाचून निघालेल्या पाहुण्याचा प्रवास सोपा नव्हता. बोस्टन किंवा न्यूयॉर्कहून आगगाडीने फार्मिंग्टन गाठायचे. तेथून अवघ्या दोन फूट रुंदीच्या रुळांवरून धावणाऱ्या छोट्या गाडीने फिलिप्सपर्यंत जायचे. ही गाडी १८७९ मध्ये सुरू झाली होती. पुढे रेंजलीपर्यंत घोडागाडीचे धक्के खावे लागत. १८९१ मध्ये रूळ रेंजलीपर्यंत पोहोचले आणि हा त्रास वाचला. त्यानंतर सरोवरावर छोटी आगबोट. केनेबागो किंवा टिम पाँडसारख्या आडबाजूच्या मुक्कामांना जायचे तर आणखी मैलोन्‌मैल रानवाट. अखेर ओंडक्यांच्या भिंतींची एक मोठी इमारत आणि तिच्याभोवती विखुरलेल्या छोट्या केबिन दिसू लागत. जेवण सर्वांनी मोठ्या घरात एकत्र करायचे, झोपायचे आपापल्या केबिनमध्ये, असा तेथला शिरस्ता होता.

पाहुण्याच्या दिवसाची सूत्रे वाटाड्याच्या हाती असत. दोन्ही टोकांना निमुळती, वाऱ्याला न जुमानता सरळ चालणारी ‘रेंजली बोट’ वल्हवायची त्याने. पार्माचिनी बेल नावाची लाल-पांढरी माशी बांधायची की काळपट रंगाची, हे ठरवायचे त्याने. ही लाल-पांढरी माशी ट्राउटच्याच परासारखी दिसावी म्हणून मेनमधल्या पाण्यासाठी तयार झाली होती. दुपारी किनाऱ्यावर शेकोटी पेटवून, खारवलेल्या डुकराच्या चरबीत ताजा मासा तळून पाहुण्याला वाढायचाही त्यानेच. मोसम दोन. मे महिन्यात बर्फ फुटल्यावरचा पहिला आणि सप्टेंबरात पाणी पुन्हा गार होऊ लागल्यावरचा दुसरा. ब्रूक ट्राउटला थंड, प्राणवायूने भरलेले पाणी लागते. भर उन्हाळ्यात तो खोल जाऊन बसतो आणि शरदात ओढ्यांच्या स्वच्छ रेतीत अंडी घालतो. हे ऋतुचक्र वाटाड्याला पाठ असे आणि त्याच्या ज्ञानावरच पाहुण्याचे यश अवलंबून राही.

मेन सेंट्रल रेल्वे कंपनीला तिच्या लेखणीची किंमत लवकरच कळली. रानात जाणारा प्रत्येक पाहुणा हा आधी गाडीचा प्रवासी होता. कंपनीसाठी प्रसिद्धीचे काम करताना तिने १८९० च्या दशकाच्या उत्तरार्धात न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील शिकार व मासेमारी प्रदर्शनात मेनचे अरण्यच उभे केले. ओंडक्यांची केबिन, पेंढा भरलेले प्राणी, टाक्यांमध्ये पोहणारे जिवंत ट्राउट आणि सामन, सोबत मेनचे अस्सल वाटाडे. या साऱ्यांच्या मध्ये बंदूक घेऊन उभी असलेली कॉर्नेलिया. तिचा कातड्याचा घागरा त्या काळच्या रिवाजापेक्षा बराच आखूड होता. जमिनीवर लोळणारे घोळदार झगे ज्या समाजात सभ्यतेचे लक्षण मानले जात, तेथे एवढ्यानेही खळबळ माजली. पण तो पोशाख तमाशा नव्हता. झाडाझुडपांतून चालणाऱ्या आणि होडीत चढणाऱ्या बाईला दुसरे काही घालून चालणारच नाही, हे तिला अनुभवाने ठाऊक होते. प्रसिद्ध नेमबाज ॲनी ओकली हिच्याशी तिची मैत्री होती. रान ही फक्त पुरुषांची मिरास नाही, हे या दोघींनी व्याख्यान न देता दाखवून दिले.

अशा पार्श्वभूमीवर १८९७ चा कायदा आला. पहिला परवाना तिला देण्यात गौरवाचा भाग मोठा होता. रोज होडी वल्हवून पोट भरणारी वाटाडी ती नव्हती. तरीही त्या क्रमांकाला अर्थ होता. गर्दी वाढली तशी रानात कोणीही कोणालाही घेऊन शिरू लागले होते. मोसमाचे नियम मोडले तर जबाबदार कोण, हे ठरत नव्हते. नोंदणीमुळे वाटाड्याचे काम हा मान्यताप्राप्त व्यवसाय झाला आणि नियम पाळण्याचे उत्तरदायित्वही त्याच्याकडे आले. गर्दीला आवतण देणारी लेखिकाच या नव्या शिस्तीच्या यादीत पहिली असावी, हे योग्यच झाले.

कारण त्या आवतणाची किंमत दिसू लागली होती. रेंजलीच्या सरोवरांत ब्लूबॅक ट्राउट नावाचा एक छोटा, निळसर पाठीचा मासा होता. वर्षभर खोल पाण्यात राहणारा हा मासा शरदात अंडी घालण्यासाठी हजारोंच्या संख्येने ओढ्यांत चढे. गावकरी तो जाळ्यांनी आणि टोपल्यांनी गोळा करून हिवाळ्यासाठी खारवून ठेवत. ब्रूक ट्राउट एवढे मोठे होत, ते याच माशावर पोसले जाऊन. पुढे पाहुण्यांना आणखी मोठी झुंज मिळावी म्हणून १८७० च्या दशकात या पाण्यात बाहेरून आणलेला सामन सोडण्यात आला आणि त्याला खाद्य हवे म्हणून नंतर स्मेल्ट हा मासाही आला. हेतू चांगला होता. पण घडी विसकटली. सामनाने ब्लूबॅक खाल्ले, स्मेल्टने त्यांच्या अन्नात वाटा मागितला आणि विसाव्या शतकाच्या आरंभी रेंजलीतून ब्लूबॅक नाहीसा झाला. मेनच्या उत्तरेकडील मोजक्या तलावांत तेवढा तो तगून राहिला. ज्या विपुलतेमुळे रेंजलीचे नाव झाले, तिचा पायाच असा निसटला.

एका दिवसात दोनशे मासे धरण्याचा पराक्रम ज्या काळात कौतुकाने सांगितला जाई, त्याच काळात कॉर्नेलियाच्या मनात मर्यादेचा विचार पक्का होत गेला. एका माणसाने किती मासे आणि किती प्राणी घ्यावेत यावर बंधन हवे, शिकारीला परवाना हवा, खाण्यापुरता मासा ठेवून बाकीचे पाण्यात परत सोडावेत, या बाजूने ती उभी राहिली. गळ हळुवारपणे काढून मासा जिवंत सोडणे आज जगभर रूढ आहे. त्या वेळी मात्र टांगलेल्या माशांच्या माळेसमोर छायाचित्र काढून घेणे हीच सहलीची सांगता समजली जाई. तिच्या भूमिकेतील हा बदल कोणा उपदेशकाचा नव्हता. मासा संपला तर गाडीचे प्रवासी, केबिनचे मालक, वाटाड्यांची घरे आणि तिचे स्वतःचे सदर या साऱ्यांचाच आधार जाणार होता.

हरणाच्या कुळातील कॅरिबूची कथा याहून बोचरी आहे. १८९८ मध्ये तिने एक कॅरिबू टिपला. मेनमध्ये कायदेशीरपणे मारला गेलेला तो शेवटचा कॅरिबू मानला जातो. त्यानंतर राज्याने या शिकारीवर बंदी घातली. पण उशीर झाला होता. कळप पुन्हा उभे राहिले नाहीत आणि काही वर्षांतच हा प्राणी मेनमधून दिसेनासा झाला. तिच्या नावावरच्या या नोंदीत पराक्रम किती आणि शोकांतिका किती, याचा निवाडा पुढच्या पिढ्यांनी आपापल्या परीने केला आहे.

त्याच सुमारास तिच्या गुडघ्याला गंभीर दुखापत झाली. दीर्घ उपचार झाले. पण पाय पूर्ववत झाला नाही. ज्या देहाला रानाने बरे केले होते, त्याला आता रान दुरून पाहावे लागणार होते. वयाची पन्नाशीही गाठलेली नसताना तिच्या भटकंतीची वर्षे संपली. लेखन मात्र थांबले नाही. पुढे तिने कॅथलिक पंथ स्वीकारला. उन्हाळ्यात सरोवरांवर येणाऱ्या कॅथलिक पाहुण्यांना आणि तेथे राबणाऱ्या नोकरमाणसांना प्रार्थनेसाठी जागा नव्हती. तिने खटपट करून ओकोसॉक येथे प्रार्थनामंदिर उभे राहण्यास हातभार लावला. रानाची जाहिरात करताना कमावलेल्या ओळखी येथेही कामी आल्या.

क्षयाच्या भीतीने तरुणपणीच रानात पाठवलेली ही स्त्री ९२ वर्षे जगली. ११ नोव्हेंबर १९४६ रोजी, वाढदिवसाच्या दुसऱ्याच दिवशी, लुइस्टन येथे तिचे निधन झाले. जन्मगावाजवळच्या स्ट्राँग या गावी तिचे दफन करण्यात आले. तोवर आगगाडीची जागा मोटारीने घेतली होती, दोन फुटी रूळ उखडले गेले होते आणि सरोवरांकाठची कित्येक थोर हॉटेले आपले वैभव गमावत चालली होती.

पण तिने रुळवलेली वाट मोडली नाही. १ जुलै १९२४ रोजी रेंजलीतील अप्पर डॅम येथे कॅरी स्टीव्हन्स या गृहिणीने स्वतः बांधलेल्या माशीवर ६ पौंड १३ औंसांचा ब्रूक ट्राउट पकडला आणि पुढे तिच्या माशा जगभरच्या गळकऱ्यांच्या पेटीत जाऊन बसल्या. फ्लाय रॉडच्या सदराने ज्या पाण्याला बायकांसाठी मोकळे केले होते, तेच हे पाणी. मेनमध्ये वाटाड्यांची परीक्षा आणि नोंदणी आजही चालू आहे. २००५ मध्ये राज्याने ज्या तलावांत बाहेरचे मासे सोडले गेलेले नाहीत, अशा ब्रूक ट्राउटच्या तलावांना वारशाचा दर्जा देऊन तेथे मत्स्यबीज सोडण्यास आणि जिवंत मासळीचे आमिष वापरण्यास मनाई केली. ब्लूबॅकच्या उदाहरणाने शिकवलेला धडा शंभर वर्षांनी कायद्यात उतरला. पूर्व अमेरिकेतील तलावांमध्ये नैसर्गिकरीत्या वाढणारा ब्रूक ट्राउट आज मुख्यतः मेनमध्येच उरला आहे, तो अशाच बंधनांमुळे.

स्ट्राँगपासून रेंजलीच्या दिशेने जाणाऱ्या एका पायवाटेला आता तिचे नाव देण्यात आले आहे. रानाचे वर्णन करून माणसांना तेथे बोलावणे सोपे असते. बोलावलेल्यांना हात आवरायला सांगणे कठीण. कॉर्नेलिया क्रॉस्बीने पहिले काम अप्रतिम केले आणि दुसऱ्याची गरज तिच्या पिढीतील अनेकांच्या आधी ओळखली. ब्लूबॅक आणि कॅरिबू तिला वाचवता आले नाहीत. टिम पाँडसारख्या आडवाटेच्या मुक्कामी पहाटेच्या धुक्यात उसळी घेणारा ठिपक्यांचा रानटी मासा मात्र अजून आहे, आणि त्याच्यापर्यंत नेणारे परवानाधारक वाटाडेही आहेत.